शोधनिबंध कुणाला वाचता येतो? आपत्कालीन वैद्यक आणि ‘ओपन अ‍ॅक्सेस’

अपघातात जखमी झालेला, हृदयविकाराचा झटका आलेला किंवा सर्पदंश झालेला रुग्ण रुग्णालयाच्या दारात येतो. त्यानंतरच्या पहिल्या काही तासांत करावयाच्या उपचारांचे शास्त्र म्हणजे आपत्कालीन वैद्यक, अर्थात इमर्जन्सी मेडिसिन. भारतीय वैद्यक परिषदेने या शाखेला स्वतंत्र विषय म्हणून २००९ मध्ये मान्यता दिली. या शाखेतील संशोधन ज्याच्या उपयोगाचे आहे, तो डॉक्टर बहुधा मोठ्या ग्रंथालयापासून दूर असतो. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, महामार्गालगतचे छोटे खासगी इस्पितळ, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ही त्याची कामाची ठिकाणे. त्यामुळे शोधनिबंध कुणाला वाचता येतो, हा प्रश्न येथे केवळ ग्रंथालयापुरता उरत नाही. तो रुग्णाच्या जिवाशी येऊन भिडतो.

तीन तासांचा धडा

‘क्रॅश-२’ या चाचणीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेच्या पुढाकाराने ती ४० देशांतील २७४ रुग्णालयांत झाली. भारतीय रुग्णालयांचाही तीत सहभाग होता. रक्तस्राव होत असलेल्या किंवा होण्याचा धोका असलेल्या २०,२११ जखमींवर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या जुन्या व स्वस्त औषधाची परीक्षा घेण्यात आली. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण १४.५ टक्के, तर न मिळालेल्या गटात १६ टक्के होते. दुखापतीनंतर आठ तासांच्या आत आलेले रुग्ण या चाचणीत घेतले होते.

खरा धडा मात्र २०११ मधील पुढील विश्लेषणाने दिला. पहिल्या तासात औषध दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आले. एक ते तीन तासांच्या दरम्यानही लाभ दिसला. तीन तास उलटून गेल्यावर मात्र चित्र पालटले: औषध मिळालेल्या गटात ४.४ टक्के, तर न मिळालेल्या गटात ३.१ टक्के रुग्ण रक्तस्रावाने दगावले. म्हणजे २०१० चा सारांश तेवढा वाचून पाचव्या तासाला इंजेक्शन देणारा डॉक्टर रुग्णाचे भले करण्याऐवजी अपाय करण्याची शक्यता होती. शोधनिबंधाचे सारांश बहुधा सर्वांना मोफत मिळतात. वर्गणीच्या भिंतीआड राहतो तो पूर्ण मजकूर, आणि उपचाराचे बारकावे नेमके तेथेच असतात. या चाचणीचा सविस्तर अहवाल २०१३ मध्ये ब्रिटनच्या ‘हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट’ या सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या मालिकेत निघाला. चाचणीची मूळ आकडेवारीही नंतर खुली करण्यात आली.

चळवळीचा आरंभ

अमेरिकेत ‘पबमेड सेंट्रल’ हे मोफत भांडार २००० मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास लंडनमध्ये ‘बायोमेड सेंट्रल’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. फेब्रुवारी २००२ मधील बुडापेस्ट जाहीरनाम्याने ‘ओपन अ‍ॅक्सेस’ची व्याख्या केली. कोणालाही निबंध वाचता यावा, उतरवून घेता यावा, त्याच्या प्रती वाटता याव्यात. अट एवढीच, की मूळ लेखकाचे श्रेय अबाधित राहावे. अशा परवान्याने निघालेल्या निबंधाचा मराठीत अनुवाद करून तो परिचारिकांच्या किंवा रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांच्या हाती देता येतो, हा त्याचा कमी बोलला जाणारा लाभ.

मुंबईचा वाटा या चळवळीत मोठा आहे. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ने आपला संपूर्ण मजकूर इंटरनेटवर फार लवकर मोफत दिला. डॉ. डी. के. साहू यांच्या मुंबईतील ‘मेडनो’ या संस्थेने तीच वाट अनेक भारतीय नियतकालिकांना मोकळी करून दिली. वाचकाकडून शुल्क नाही, लेखकाकडूनही नाही. खर्च छापील अंकाच्या वर्गणीतून भागवायचा, असा तिचा रिवाज होता. ‘जर्नल ऑफ इमर्जन्सीज, ट्रॉमा अँड शॉक’ हे आपत्कालीन वैद्यकाचे नियतकालिक २००८ मध्ये याच संस्थेकडून निघू लागले. ‘मेडनो’ पुढे २०११ मध्ये वोल्टर्स क्लूवर या बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेली.

खर्च कोणाचा?

वाचकाला फुकट मिळणाऱ्या निबंधाचाही खर्च कोणीतरी करतोच. ‘सुवर्ण’ पद्धतीत बहुधा लेखक किंवा त्याची संस्था प्रकाशनशुल्क भरते. ‘हरित’ पद्धतीत लेखक आपल्या निबंधाची प्रत सार्वजनिक भांडारात ठेवतो. ‘हिरक’ पद्धतीत दोघांनाही शुल्क नसते आणि भार संस्था उचलते. ‘नेचर’ने २०२० मध्ये जाहीर केलेले शुल्क ९,५०० युरो होते. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरला सर्पदंशावरील आपला अनुभव लिहायचा झाल्यास असे शुल्क परवडणारे नाही. वाचनाचे दार उघडताना लेखनाचे दार बंद होऊ नये, ही चिंता रास्त आहे.

शुल्काच्या मोहाने तपासणीविना काहीही छापणारी बनावट नियतकालिकेही उगवली. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ यादी सुरू केली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. ही यादी आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आली आहे. आपत्कालीन उपचारात चुकीचा निबंध न वाचलेल्या निबंधापेक्षा घातक ठरू शकतो, हे येथे विसरता येत नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेतून सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्था व केंद्रीय संशोधनसंस्थांना मिळतात. लाभ मोठा असला, तरी हे सामूहिक वर्गणीचे रूप आहे. ओपन अ‍ॅक्सेस नव्हे. महामार्गावरील खासगी इस्पितळातील डॉक्टर या योजनेच्या पहिल्या टप्प्याबाहेरच राहतो. अपघातातील जखमी मात्र अनेकदा सर्वप्रथम त्याच्याच दारात येतो. तीन तासांचे ते बंधन त्याला वेळेवर ठाऊक असणे, हीच ओपन अ‍ॅक्सेसची खरी कसोटी होय.