पिंपरीचे पेनिसिलिन आणि डुकरांच्या हाडांतील पिवळी रेघ

१/
१९५५ साली पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिलेला हा प्रकल्प आजच्या पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्याच्या आरंभीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक होय. तोवर भारत या औषधासाठी आयातीवर अवलंबून होता.

२/
त्याच काळात अमेरिकेत हेच पेनिसिलिन डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते, आणि तेही निरोगी जनावरांच्या. एकीकडे जीव वाचवण्यासाठी कारखाना उभारला जात होता, दुसरीकडे तेच द्रव्य वजन वाढवण्यासाठी खर्ची पडत होते. हे कसे घडले?

३/
लेडर्ली प्रयोगशाळेतील थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे कोंबड्यांच्या पिल्लांसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरणारा चोथा त्यांनी खाद्यात मिसळला. पिल्ले अपेक्षेपेक्षा वेगाने वाढली. या वाढीमागे प्रतिजैविकाचाही हात आहे, हे १९५० मध्ये जाहीर झाले. डुकरांच्या पिल्लांतही तोच परिणाम दिसला. १९५१ मध्ये अमेरिकी शासनाने अशा वापरास मान्यता दिली.

४/
परंतु वाढ म्हणजे काय? व्यापारी जनावर काट्यावर चढवतो. काटा मांसाचे आणि चरबीचे वजन सांगतो, हाडाचा कस सांगत नाही. वाढत्या डुकराचे शरीर झपाट्याने जड होते आणि तो भार कोवळ्या हाडांना व सांध्यांना पेलावा लागतो. खनिजांचा हिशेब चुकला, तर जनावर लंगडू लागते.

५/
हा हिशेब नाजूक असतो. हाडाला कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व ही तिन्ही लागतात. एडवर्ड मेलनबी यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून मुडदुसाचा संबंध आहाराशी जोडून दाखवला. पुढे त्यांनीच धान्यातील फायटेट हे द्रव्य कॅल्शियम अडवून धरते, याकडे लक्ष वेधले.

६/
डुकराची अडचण इथेच आहे. मका आणि सोयाबीन यांतील सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो. तो मोकळा करणारे विकर डुकराच्या आतड्यात पुरेसे नसते. म्हणून खाद्यात हाडांचा चुरा किंवा खनिज फॉस्फेट घालावे लागे. बाकीचा फॉस्फरस शेणावाटे बाहेर पडून पाणी दूषित करी. १९९१ पासून नेदरलँड्समध्ये फायटेज हे विकरच खाद्यात मिसळले जाऊ लागले. चुनखडी वाढवून मात्र प्रश्न सुटत नाही. कॅल्शियम अति झाले, तर फॉस्फरस आणि जस्त यांचे शोषण घटते.

७/
प्रतिजैविकांनी हाडावर आपली खूणही सोडली. ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन गटातील. या गटातील औषधे कॅल्शियमला चिकटतात आणि नवे हाड जिथे घडत असेल तिथे जाऊन बसतात. १९५७ मध्ये संशोधकांनी दाखवले, की अशा हाडावर अतिनील प्रकाश टाकला असता ते पिवळे चमकते. मागाहून याच गुणाचा उपयोग करून, ठरावीक अंतराने दोन मात्रा देऊन, दोन पिवळ्या रेघांमधील अंतरावरून हाडाच्या वाढीचा वेग मोजला जाऊ लागला. लहान मुलांच्या दातांवर मात्र हीच औषधे कायमचे डाग पाडतात.

८/
खाद्यातील अल्प मात्रेचा मोठा परिणाम हाडांबाहेर घडत होता. रोज थोडे थोडे औषध मिळाल्याने त्याला दाद न देणारे जिवाणू टिकत आणि वाढत गेले. १९६९ मध्ये ब्रिटनच्या स्वान समितीने याविषयी इशारा दिला. युरोपीय संघाने वाढीसाठी होणारा प्रतिजैविकांचा वापर पूर्णपणे थांबवला तो २००६ मध्ये.

९/
२०१५ मध्ये चीनमधील डुकरांत कोलिस्टिनला न जुमानणारे जनुक आढळले. ते एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाऊ शकत होते. इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर डॉक्टर ज्याकडे वळतात, ते हे औषध. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता आणि पशुखाद्यात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

१०/
पेनिसिलिनची टंचाई सोसलेल्या देशाने पिंपरीत ते स्वतः बनवायला घेतले, त्यास आता ७० वर्षे होऊन गेली. आजची टंचाई निराळी आहे. औषध दुकानात मिळते, पण जिवाणू त्यास जुमानत नाहीत. जनावराच्या खाद्यात काय मिसळले, हे काटा सांगत नाही. त्याची नोंद जनावराच्या हाडांत राहते, आणि त्याची किंमत रुग्णालयातील माणसाला मोजावी लागते.