पाठ झालेली बाराखडी आणि उमगलेली बाराखडी

बडोद्याच्या मराठी घरांत शिक्षणाचा विषय निघाला की सयाजीराव महाराजांचं नाव येणारच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा मुलगा १८७५ साली गादीवर दत्तक आला. वय बारा वर्षं, आणि अक्षरओळख नाही! ज्याला स्वतःला इतक्या उशिरा वाचायला मिळालं, त्याच राजाने १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सगळ्या राज्याला लागू केलं. १९१० साली अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या.

हे आपण अभिमानाने सांगतो. पण मूल शाळेत आणून बसवणं वेगळं आणि त्याला वाचायला शिकवणं वेगळं. जुनी रीत आपल्या आजी-पणजींकडून ऐकलेली आहेच. धूळपाटीवर गिरवा आणि मोठ्याने घोका. क, का, कि, की एका दमात म्हणणारं मूल हुशार! पण त्याच मुलासमोर मधूनच 'के'वर बोट ठेवलं, तर ते परत 'क'पासून सुरुवात करायचं. म्हणजे तोंडाला पाठ होतं, डोळ्याला दिसत नव्हतं आणि डोक्याला कळलं नव्हतं.

यावर वेगळा विचार झाला तो आपल्या शेजारच्या काठेवाडात. वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. मिशा असलेली आई म्हणून गुजरातभर लोक त्यांना ओळखतात. १९२३ साली तिथे त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. मुंबईत जन्मलेल्या या मराठी बाई गुजरातेत राहिल्या, गुजरातीत काम केलं. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. आपल्यासारख्या दोन भाषांत नांदणाऱ्या लोकांना ताराबाई जवळच्या वाटाव्यात, त्या यामुळेच.

त्यांनी माँटेसरीबाईंची पद्धत इथल्या मातीत रुजवली. या पद्धतीत वाचन हा खेळ असतो, पण नुसती करमणूक नसते. खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने चाचपायची. सुटी अक्षरं जुळवून शब्द करायचा. मग चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर 'वाटी', दुसरीवर 'चमचा', आणि प्रत्येक चिठ्ठी त्या त्या वस्तूजवळ ठेवायची. शेवटी हातात 'चमचा' उरला आणि समोर वाटी उरली, तर कुठेतरी गडबड झाली हे मुलाला आपसूक कळतं. कुणी रागवायला नको. ते मागे जातं, एकेक जोडी तपासतं, चूक शोधून काढतं. पुढच्या चिठ्ठ्यांवर कामं असतात: 'दार लाव', 'घंटा वाजव'. मुलाने मोठ्याने वाचलं नाही तरी चालतं. ते उठून दार लावतं, तेव्हा त्याला अर्थ कळल्याचं आपल्याला कळतं. जुळवणं, पडताळणं, चूक हुडकणं हीच तर तर्काची पहिली पायरी.

आपली लिपी या कामाला फार सोयीची आहे. मुलाला 'क', 'का' आणि 'म' ओळखता आले, तर 'मा' शिकवायला लागत नाही. काना काय करतो हे त्याने पाहिलेलं असतं, ते तो 'म'ला लावतो. कुणीही न शिकवलेलं अक्षर मूल स्वतः वाचतं, तो क्षण मोठा! बाराखडी म्हणजे खरं तर एक कोष्टकच. आपण त्याची आरती करून टाकली.

ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं आणि १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम मांडलं. तिथे अनुताई वाघ सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांवर महागडी साधनं कुठून आणणार? तिथे खडे, शिंपले, पानं, बिया हीच साधनं झाली. मोठी वेगळी, लहान वेगळी. गोल इकडे, लांबट तिकडे. वाचनाची तयारी अशी होते. 'घ' आणि 'ध' यांतला फरक टिपणारी नजर आधी पानं निवडताना तयार होते.

आता आपल्या घरातलं. आपल्यातली बरीच मुलं आज इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात. मराठी वाचणं शाळेत होणार नाही, झालं तर घरातच होईल. आणि घरात आपण ती घोकून घेतली, तर मूल तिला कंटाळेल. आजीची पत्रं, आजोबांची पुस्तकं त्याला कायमची बंद होतील. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायला सांगा. चिऊ-काऊची गोष्ट पाऊस आला तिथे थांबवा आणि विचारा, आता कुणाचं घर वाहून जाईल? का बरं? मेणाचं घर उन्हाळ्यात टिकलं असतं का? गोष्टीची चार चित्रं उलटसुलट मांडून क्रम लावायला द्या.

बडोद्याच्या मुलांना तर आणखी एक खेळ फुकट मिळतो. दुकानाच्या गुजराती पाट्या! ग, म, न यांची वरची रेघ पुसली की गुजराती अक्षर झालं. पण ब, ज, ख यांना हा नियम लागत नाही. कुठे लागतो, कुठे नाही, हे पोराला बाजारातून येता-येता शोधू द्या. उत्तर आपण आधी सांगायचं नाही, एवढंच पथ्य.