शाळांना पाच वर्षं कुलूप

अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद म्हटलं की 'ब्राऊन' खटला आठवतो. पण त्या निकालात पाच खटले एकत्र होते. मला त्यातला व्हर्जिनियाचा जास्त जवळचा वाटतो, कारण तो पोरांच्या संपातून उभा राहिला.

गाव फार्मव्हिल. काळ्या मुलांचं मोटन हायस्कूल, जागा 180 जणांची आणि मुलं 450च्या वर. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरायचे. 23 एप्रिल 1951. सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने मुख्याध्यापकांना खोट्या फोनने बाहेर काढलं, सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं आणि संप पुकारला. मागणी काय, तर नवी इमारत. वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन म्हणाले, नुसत्या इमारतीसाठी नाही, वेगळ्या शाळाच नकोत म्हणून लढणार असाल तर आम्ही येतो. मुलं, पालक तयार झाले.

17 मे 1954 ला सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ न्यायाधीश म्हणाले, वेगळ्या शाळा घटनाबाह्य. झालं? छे! अंमलबजावणीची तारीखच दिली नाही. 1959 मध्ये काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवण्यापेक्षा काउंटीने सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्यांसाठी खाजगी शाळा निघाली. काळी मुलं घरी, नाहीतर नातेवाइकांकडे परगावी. 1964 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावलं, तेव्हा कुठे कुलपं निघाली. 1959 ला पहिलीत जाणारं पोर तोवर अकरा वर्षांचं झालं होतं.