तळटीप : लिनक्सचा परवाना
* ‘परवाना बदलला’ : लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिनक्स ही संगणकप्रणाली खुली केली, तेव्हा पैसे घेऊन तिच्या प्रती वाटायला मनाई होती, फ्लॉपी पाठवण्याचा खर्चसुद्धा घेता येत नसे. १९९२मध्ये त्यांनी रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना स्वीकारला. विक्रीला मोकळीक मिळाली. मुख्य अट अशी की, बदललेली प्रणाली दुसऱ्याला दिली तर तिचा सोर्स कोडही द्यायचा. लिनक्सच्या वाढीचे श्रेय तंत्राइतकेच या अटीला द्यायला हवे. उदाहरणार्थ, लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स होती. कोडच्या मागणीचा रेटा वाढल्यावर २००३मध्ये त्याचा कोड खुला करावा लागला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली उभी राहिली. याउलट, बीएसडी या दुसऱ्या खुल्या परवान्यात कोड देण्याची अशी सक्ती नाही. सोनीने प्लेस्टेशन ४ची बंदिस्त प्रणाली त्याच परवान्याच्या फ्रीबीएसडीवर बेतली. – संपा.