बंदरावरचे ताट

बोटीच्या काळात रत्नागिरीस येणारा परगावचा उतारू प्रथम दोन गोष्टींची चौकशी करी. उतरावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोणाकडे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देई. दुसऱ्याचे उत्तर मिळण्यापूर्वी मात्र आपण कोण, कुठले, हे त्याला सांगावे लागे. बंदराकाठी राहण्याची व मासळीच्या जेवणाची सोय करणाऱ्या खाणावळींची हकीकत सांगावयाची तर येथूनच आरंभ केला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कोकणपट्टीवर आगबोटी धावू लागल्या. लोक त्यांना शेफर्डच्या बोटी म्हणत. पुढे बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने ही वाहतूक वर्षानुवर्षे चालविली. मुंबईहून निघालेली बोट जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत खाली जाई. येथे ती काठाला लागत नसे. दूर पाण्यात नांगर टाकी, आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावांतून ये-जा करीत. वारा फिरला की वेळ चुकलीच. आतल्या गावांहून बैलगाडीने आलेल्या माणसाला म्हणूनच बंदरावर रात्र काढावी लागे, आणि बोट लागून अर्धमेला झालेला उतारू काठावर आला की त्याला आधी वाटीभर पेज आणि पडावयास चटई हवी असे. या निकडीतून खाणावळ उभी राहिली.

ती बहुधा राहते घरच असे. ओटीवर पंगत, पडवीत मुक्काम, आणि मागे चूल. पाटी लागली तर घरधन्याच्या नावाची लागे. पण पाट्यावर नारळ-मिरचीचे वाटप वाटणारे हात घरातल्या बाईचे असत. बांगड्याच्या कालवणात तिरफळे का घालावीत, हे तिला कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. बांगडा तेलकट, त्याचा उग्र वास तिरफळाने मरतो. आंबटाला कोकम, भात उकड्या तांदळाचा, शेवटी सोलकढी. तिसऱ्या स्वस्त मिळाल्या तर त्यांचे सुके. पानावर काय पडणार, हे पहाटे होडीत काय आले त्यावर ठरे. आजच्यासारखी छापील यादी नसे, आणि माझ्या मते जेवण त्यामुळेच बरे होई!

खरी कसोटी पावसाळ्यात होई. मेअखेर समुद्र खवळला की बोटी बंद. मासेमारीही बंद. उतारू आणि मासळी दोघांनीही एकाच महिन्यात पाठ फिरवावी, असा हा धंदा! नारळी पौर्णिमेपर्यंत उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले सुके बांगडे, सोडे आणि जवळा यांवर घर चाले.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. भंडारी, गाबीत, खारवी, सारस्वत, मराठा या सर्वांच्या घरी मासे शिजत; पण एकाच्या घरचा तोच मासा दुसऱ्याला चालत नसे. अस्पृश्य मानलेल्यांना तर ओटीवरही जागा नव्हती. गंमत अशी, की मिरकरवाडा आणि राजिवडा येथील मुसलमान मच्छीमारांनी पकडलेली सुरमई सर्वांच्या टोपलीत बिनदिक्कत जाई. बाट लागे तो चुलीपासून पुढे.

रत्नागिरीने सक्तीचे पाहुणे पुष्कळ पाहिले. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ मध्ये आला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध होते. १९३१ च्या फेब्रुवारीत भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने पतितपावन मंदिर उघडले, आणि त्याच वर्षी तेथे सर्व जातींच्या स्त्रियांचे सहभोजन झाले. १९३३ च्या मे महिन्यात अखिल हिंदू उपाहारगृह सुरू झाले. तेथे महार समाजातील माणूस वाढावयास होता. भेटीस येणाऱ्याने आधी तेथे चहा घेऊन यावे, असा सावरकरांचा आग्रह असे म्हणतात. ते मासळीचे हॉटेल नव्हते, चहा-फराळाचे होते. पण कोणाच्या हातचे खावे, हा प्रश्न त्याने घराच्या ओटीवरून उचलून भररस्त्यात आणला. त्याचे नाव ‘अखिल हिंदू’ होते. ज्यांच्या जाळ्यातून गावाचे जेवण येई, ते राजिवड्याचे लोक त्या नावात नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. त्या सहभोजनास बसलेल्या बायकांचे धैर्य मला विशेष वाटते. पुरुष सभेतून घरी परतला की सुटे. तिला त्याच रात्री सासूच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकावयाचे होते.

बोटींचा काळ पुढे झपाट्याने ओसरला. एस.टी. आली, रस्ते सुधारले, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा मुंबईची प्रवासी बोट केव्हाच बंद पडली होती. मिरकरवाडा आता मच्छीमारीचे मोठे बंदर आहे. मासळीची हॉटेले गावभर आहेत, खोल्यांना पंखे आणि स्नानगृहे आहेत, आणि जात कोणी विचारीत नाही. जून-जुलैतील मासेमारीबंदी सरकारी नियमाने येते, तेव्हा ताटात पुन्हा सुके मासे दिसू लागतात.

मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले, बँकेचे कर्ज मिळवून दिले, त्यांची नावे वहीत लिहिली. बंदरावरच्या बायकांची अशी वही कोणी ठेविली नाही. ज्या भगिनींच्या माहेरी अथवा सासरी बोटीच्या उतारूंची खाणावळ होती, त्यांनी रांधणाऱ्या बाईचे नाव, ताटाचा दर आणि ती कोणाकोणाला वाढीत असे, एवढे जरी मंडळाकडे लिहून दिले, तरी पुढच्या स्मरणिकेत ते छापता येईल.