जावाचा जीर्णोद्धार

पीथमपूरच्या कारखान्यात नवी जावा तयार होऊ लागली, तेव्हा आम्हा इंदूरकरांना त्याचे विशेष अप्रूप वाटले. जिची फटफट लहानपणी गल्लीच्या टोकावरून ओळखू यायची, ती आता आपल्या शेजारीच घडू लागली होती.

जावाचे माहेर प्राग. फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून नाव ठेवले 'यावा'. आपण त्याचे 'जावा' केले. रुस्तम आणि फारोख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ मध्ये म्हैसूरला ती बनवायला सुरुवात केली. पुढे सत्तरच्या दशकात इराणमधल्या यझ्द शहरावरून 'येझदी' हे नाव आले. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

नवी जावा बाजारात आली २०१८ मध्ये. मधली बावीस वर्षे ही गाडी जिवंत ठेवली ती जुन्या मालकांनी आणि मिस्त्र्यांनी. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी गावोगावचे जावावाले आपल्या गाड्या घेऊन एकत्र येतात. नव्या गाडीला ठेवलेली जुन्या वळणाची टाकी आणि दोन्ही बाजूंचे सायलेन्सर हे आमच्या मते त्यांच्याच मायेचे फळ आहे. आतले इंजिन मात्र फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे. म्हणजे मूर्ती नवी, घडण जुनी.

जुनी गाडी उभी करणे हे वेगळे काम. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. क्रँकचे सील गेले की गिअरचे ऑइल आत ओढले जाते आणि मागून पांढरा धूर निघतो. किक आणि गिअरची दांडी एकच. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे, असा मिस्त्री आता शोधावा लागतो.

आम्हीही मंडळातल्या एका कुटुंबाची जावा उभी केली आणि त्यात एक चूक केली. टाकी चकचकीत व्हावी म्हणून जुना रंग पार खरवडून काढला. त्याबरोबर कडेची सोनेरी रेघ गेली आणि गुडघ्यांनी घासून पडलेली खूणही. गाडी पाहून घरातल्या आजी एवढेच म्हणाल्या, "छान झाली, पण ह्यांची वाटत नाही."

देवळाचा जीर्णोद्धार करताना गाभारा जपतात. आम्ही नेमका तोच धुऊन काढला होता.

म्हणून विनंती एवढीच. तुमच्या वाड्यात, जिन्याखाली अशी एखादी गाडी असेल, तर ती भंगारात देऊ नका. कागद जपा, इंजिन मिस्त्रीला दाखवा, आणि रंगाला हात लावण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा.