तळटीप २३ : माला-एन

२३. माला-एन : सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळणारी गर्भनिरोधक गोळी; चौमूंकडे (जि. जयपूर) आशा सहयोगिनी ती घरपोच देतात. २८ गोळ्यांच्या पाकिटातल्या २१ पांढऱ्या गोळ्यांत प्रत्येकी ०.१५ मि.ग्रॅ. लेव्होनॉरजेस्ट्रेल व ०.०३ मि.ग्रॅ. इथिनिल एस्ट्रॅडिऑल असते. ही बाहेरची संप्रेरके पोटात गेली की पियुषिका ग्रंथी एफएसएच व एलएच ही आपली संप्रेरके आखडती घेते. बीजकोशाचे स्वतःचे इस्ट्रोजेन खाली राहते, बीज सुटत नाही, आणि एरवी त्यामागून चढणारे प्रोजेस्टेरॉनही चढत नाही. नणंद उकिरड्यावर टाकते त्या ७ तपकिरी गोळ्या निव्वळ लोहाच्या. नवे पाकीट वेळेवर सुरू केले तर त्यांवाचून गर्भ राहण्याची भीती नाही. वाया जाते ते रक्तक्षयावरचे औषध. त्या दिवसांतला रक्तस्राव संप्रेरके थांबल्यामुळे होतो. सासूबाई समजतात तशी ती नेहमीची पाळी नव्हे.